पाणी होतंच, पाना नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारच्या अंकात तिसऱ्या पानावर आपण एक फोटो छापला. हापशाभोवती टोप्या घातलेली शहरातल्या चर्चची पोरंपोरी, मधोमध पांढऱ्या दाढीचे पाळकसाहेब, बाजूला हंडे घेतलेल्या तिघी बाया आणि वर मथळा, ‘तहानलेल्या वाडीला देवदूत भेटले’. फोटोच्या उजव्या कडेला कुणाचं तरी नुसतं कोपर दिसतं. ते कोपर माझं. तेवढ्या अधिकारावर चार गोष्टी लिहितो.

शुक्रवारी त्या बातमीवर वाचकांची दोन पत्रं आली. एका ताईंनी त्या तरुणांचं तोंडभरून कौतुक केलं. दुसऱ्या गृहस्थांनी विचारलं की पाण्याच्या आडून वाडीत काय चाललं आहे याची चौकशी कोण करणार. दोघांपैकी कुणीही वाडीवर आलेलं नाही हे मला लगेच कळलं, कारण दोघांनीही ‘नवीन बोअर’ असं लिहिलं आहे. आपल्या बातमीतही तसंच आहे. नवीन बोअर मारलेलाच नाही. बोअर १९८६ सालचा आहे, पाणी त्यात तेव्हापासून आहे. वर तीन वर्षं बंद पडलेला हापसा होता, तो चालू केला. चर्चच्या मंडळींनी वाडीला पाणी आणलं असं म्हणणं त्यांनाही पटणार नाही. मी पाळकसाहेबांना फोनवर विचारलं. ते म्हणाले, मथळा वाचून आम्हालाच लाज वाटली.

मी कोण, तर निवृत्त हापसा मिस्त्री. १९७२ साली, अठराव्या वर्षी, जालन्याला ख्रिस्ती मिशनच्या बोअरच्या गाडीवर हेल्पर म्हणून लागलो. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला १ मे १९८१ ला. दुष्काळाचं ते वर्ष ज्यांनी काढलं त्यांना काही सांगायला नको. आई खडी फोडायला रोजगार हमीच्या कामावर, घरात परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि मी रोज कंप्रेसरच्या धुरळ्यात. आमच्याकडचा काळा पाषाण हाताने फोडून विहीर करायची तर सुरुंग लावत महिने जातात. बोअरच्या गाडीचा हातोडा हवेच्या दाबावर चालायचा. सळईच्या टोकाला लावलेला तो हातोडा दगड ठोकत खाली उतरायचा आणि दगडाची पूड हवेबरोबर वर यायची. पूड कोरडी असेपर्यंत सगळं गाव गप्प उभं. मग ती जरा दमट व्हायची, तिचे गोळे पडायला लागायचे, आणि आमचे उस्ताद एक गोळा उचलून नुसता दाबून बघायचे. ते हसले की बाया घरी पळायच्या, हळदकुंकू आणायला. गाडी मिशनची, पूजा गावाची. कुणाचीच त्याला हरकत नव्हती.

बोअर मारणं सोपं झालं तरी वर बसवायचा हापसा टिकत नव्हता. सुरुवातीला गावोगाव बसवलेले ओतीव लोखंडाचे हापसे म्हणजे युरोप-अमेरिकेतल्या शेतघरांच्या पंपांच्या नकला. तिकडे एका घराने दिवसातून चार बादल्या काढायच्या, इकडे अख्खं गाव पहाटे चारपासून त्याच्या दांड्याला लोंबकळायचं. महिन्या-दोन महिन्यांत दांडा मोडायचा. या दुखण्यावरचं औषध आमच्या जालन्यात निघालं. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये, जॉन मॅक्लाऊड यांच्या देखरेखीखाली, साठच्या दशकाच्या शेवटी पोलादाचा हापसा तयार झाला. एकाच आसावर हलणारा दांडा, आणि त्याच्या आतल्या टोकाला कमान आणि साखळी.

साखळीचं कारण सांगतो, कारण माझ्या मते सगळी अक्कल तिथेच आहे. दांडा गोलाईत फिरतो, पण बोअरमधल्या सळईला सरळ वर-खाली जायचं असतं. सळई थेट दांड्याला खिळवली तर ती प्रत्येक वेळी बाजूला ओढली जाते आणि घासून घासून काहीतरी झिजतंच. मध्ये साखळी घातली की ती कमानीवरून वळते आणि सळई सरळ उचलली जाते. परत खाली जाताना सळ्यांचं स्वतःचंच वजन दट्ट्याला घेऊन जातं, ढकलावं लागत नाही. सोलापुरात ऑस्कर कार्लसन यांच्या सोलापूर वेल सर्व्हिसने हा हापसा आणखी मजबूत केला. पुढे सत्तरच्या दशकात युनिसेफ, सरकार आणि मद्रासचा रिचर्डसन अँड क्रुडास कारखाना यांनी मिळून त्यातूनच ‘इंडिया मार्क टू’ घडवला. तोच आज आपल्याकडे गावोगाव दिसतो, आणि आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत बायका त्याच्याच रांगेत उभ्या असतात. ‘जालना सोने का पालना’ आम्ही अजून म्हणतो, स्टील आणि बियाण्याच्या नावाने मिरवतो. हापशाचं नाव शहरातल्या एकाही स्वागतकमानीवर मला दिसलेलं नाही.

पुढे मी सरकारी दुरुस्ती पथकात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

आता वाडीचं. अंबड तालुक्यातली बेचाळीस घरं. नाव लिहीत नाही, उन्हाळ्यात टँकरच्या यादीत ते असतंच. नळयोजनेचे पाईप गल्लीतून गेले आहेत, तोट्याही बसल्या आहेत, टाकीही उभी आहे. पावसाळ्यात पाणी येतं. फेब्रुवारीनंतर तोटी उघडली की फुस्स करून हवा येते. मग बाया दीड किलोमीटरवरच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर जातात. तो बिचारा नाही म्हणत नाही, पण विहीर उघडी, कठडा नाही, शेताचं सगळं वाहून आत येतं. पावसाळा लागला की वाडीत जुलाब ठरलेले.

आणि चावडीपुढे हापसा उभा. दांडा नसलेला.

हापसा एका दिवसात मरत नाही. आधी साखळीचं ग्रीस संपतं. महिनाभर तो कुईकुई करतो आणि सगळे ते ऐकत पाणी भरतात. मग साखळी झिजून तुटते, तिथे कुणीतरी तार बांधतं. तार कमान खाते. मग खालच्या सिलिंडरमधले, म्हणजे दट्ट्या ज्यात फिरतो त्या नळकांड्यातले, वॉशर जातात, आणि आधी चार हिसक्यांत येणारं पाणी चाळीस हिसक्यांनी येतं. बाया तरीही हापसतात. मग एका उन्हाळ्यात पाण्याची पातळी सिलिंडरच्या खाली जाते आणि नुसता खडखडाट उरतो. अर्ज जातो. पथक येतं, दांडा दोनदा हलवतं आणि वहीत शेरा मारतं, ‘स्रोत कोरडा’. तशी वही मी तीस वर्षं भरली आहे म्हणून सांगतो, हा शेरा एकदा पडला की पुन्हा त्या गावाला जावं लागत नाही. मीही तो लिहिलेला आहे. एकदा नाही. गाडीला डिझेल नसायचं, तीस गावांमागे आम्ही तिघं असायचो, ही कारणं खरी आहेत. तरी शेरा मी लिहिला हेही खरंच.

ही चर्चची मंडळी वाडीवर आली ती हापशासाठी आलीच नव्हती. शहरातल्या त्यांच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लोक धान्य, भाजी, कोंबड्या आणून देतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एकेका भोपळ्याला पाचशे रुपये बोली लागते म्हणे. तरुण संघाने ठरवलं की यंदाचे लिलावाचे पैसे एका गावाच्या पिण्याच्या पाण्याला द्यायचे. एका सभासदाने वर आणखी तीन लाखांचा आरओ प्लांट देऊ केला होता. पाच रुपयांचं नाणं टाकलं की वीस लिटर पाणी, आणि पेटीवर वडिलांचं नाव.

असे आरओच्या पेट्यांचे तीन सांगाडे माझ्या पायाखालच्या टापूत आहेत. एकात कोंबड्या बसतात. फिल्टर तुंबला, बदलायला पैसे नाहीत. वीजबिल कुणी भरायचं यावर ग्रामसभेत भांडण. शिवाय आरओ जितकं पाणी देतं त्याहून जास्त बाहेर सोडून देतं, ते पाणीटंचाईच्या गावात कुठून आणायचं हे देणगीदाराला कुणी विचारत नाही. पण या मंडळींत एक कारखान्यातून निवृत्त झालेले साहेब होते. त्यांनी वाडीवर एक फेरी मारली, बंद हापसा पाहिला आणि अंबडला हार्डवेअरच्या दुकानात येऊन विचारलं की हे खोलणारं कुणी आहे का. मी तिथे चहाला बसलेलो असतो. दुकानदाराने माझ्याकडे बोट केलं.

पहिल्या शनिवारी ते अकरा जण आले. सकाळी हापशापाशी उभं राहून त्यांनी दोन मिनिटं प्रार्थना केली. मग एका मावशीने नारळ फोडला. मग मी दोरीला नट बांधून बोअरमध्ये सोडला आणि सगळ्यांना गप्प केलं. ब्याऐंशी फुटांवर ‘डुबुक’ ऐकू आलं. बोअर एकशे ऐंशी फुटांचा, हे चौथऱ्यावर कोरलेलं होतं. पाईप किती होते? नऊ. दहा-दहा फुटांचे. म्हणजे सिलिंडर नव्वदवर लटकलेलं, आणि खाली नव्वद फूट बोअर तसाच मोकळा. आजूबाजूच्या शेतांत सात-सातशे फुटांचे बोअर झाले आहेत. उन्हाळ्यात आमच्या बोअरचं पाणी शंभराच्या खाली जातं, पाईप नव्वदवर थांबतात. एवढाच हिशेब होता. पाईप वाढवायला हवे होते. त्या मावशी म्हणाल्या, “म्हंजी पाणी व्हतंच?” मी म्हटलं, होतंच. त्या म्हणाल्या, “मग तीन वर्सं आमी कुठं चाललो व्हतो रोज?” त्या पोरांपैकी कुणी वर बघेना.

पाईप उपसणं हे अंगमेहनतीचं काम. क्लॅम्प लावायचा, सगळ्यांनी मिळून उचलायचं, खालचा पाईप पकडायचा, जोडावर चेन-पाना घालून वरचा खोलायचा, आतली सळई सोडवायची, पाईप बाजूला ठेवायचा. असं नऊ वेळा. सुरुवातीला सगळा मिळून शंभर-सव्वाशे किलोचा भार असतो. जिमला जाणारा एक दणकट पोरगा पहिल्याच जोडाला घामाघूम झाला, आणि वाडीतल्या एका सुनेने त्याच्या हातातून पाना घेऊन पायाने झटका दिला तेव्हा जोड सुटला. खालचे दोन पाईप गंजून चाळणी झाले होते. सकाळी पहिलं पाणी लालसर यायचं, चहा काळा व्हायचा, असं बाया सांगत होत्या, ते यामुळे. सिलिंडर खोललं. चामड्याचे वॉशर हातात आले ते जळक्या पापडासारखे, बोटाने मोडले. त्यांची किंमत काय सांगू? दुकानात माझ्या रोजच्या चहाचं बिल महिन्याला त्याहून जास्त होतं.

दुसऱ्या शनिवारी नवे पाईप उतरवताना माझ्या हातून चूक झाली. आपल्या बातमीत ती नाही, म्हणून लिहितो. क्लॅम्पचे दात झिजले होते. मला माहीत होतं. बदलायचे असं मी आठवडाभर म्हणत होतो आणि बदलले नाहीत. सात पाईप उतरले, आठवा लावताना क्लॅम्प निसटला आणि सगळी माळ सिलिंडरसकट बोअरमध्ये गेली. असा आवाज होतो की पोटात गोळा येतो. त्यानंतर चार तास आम्ही गळ टाकून बसलो. दोरीला निमुळता लोखंडी दट्ट्या, तो पडलेल्या पाईपच्या तोंडात अडकवायचा, हळूहळू पीळ द्यायचा, वर ओढायचं, सुटला की पुन्हा. उन्हं कलली. एक पोरगी मला म्हणाली, “काका, प्रार्थना करू का?” मी म्हटलं, कर, पण दोरी सोडू नकोस. सव्वापाचला पाईप धरला गेला. प्रार्थनेने की पिळाने, यावर गाडीत त्यांच्यात वाद झाला असं नंतर कळलं.

तिसऱ्या शनिवारची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आता तेरा पाईप, सिलिंडर एकशे तीस फुटांवर, तिसऱ्या हिसक्याला पाणी. सगळे नाचायला लागले. त्या टोळीत नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. तिने पाणी तपासायच्या छोट्या बाटल्या आणल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला त्या ठाऊक असतात. आत औषध लावलेलं असतं, पाणी भरून उबेत दिवस-दीड दिवस ठेवायची, जंतू असले तर पाणी काळं पडतं. शेतकऱ्याच्या विहिरीची बाटली काळी पडली, याचं कुणाला नवल वाटलं नाही. हापशाचीही पडली. पोरांचे चेहरे बघण्यासारखे होते. नवे पाईप, नवे वॉशर, आणि पाणी तेच.

मी चौथऱ्याकडे बोट केलं. त्याला बोटभर चीर होती. सांडलेलं पाणी, तिथे धुतलेल्या म्हशीचं शेण, धुण्याचा साबण, सगळं त्या चिरेतून केसिंगच्या, म्हणजे बोअरच्या तोंडाशी घातलेल्या मोठ्या पाईपच्या, कडेकडेने खाली. तेव्हा चौथरा फोडला, केसिंगभोवती सिमेंट भरलं, नवा चौथरा उतार देऊन केला, सांडपाण्याची नाली काढून लांब शोषखड्ड्यात सोडली, आणि म्हशींसाठी पलीकडे वेगळा हौद बांधला. सगळ्यात जास्त पैसा आणि दिवस याच कामाला लागले. मग टीसीएल (ब्लीचिंग) पावडर बादलीत कालवून बोअरमध्ये सोडली, रात्रभर हापसा बांधून ठेवला, सकाळी वास जाईपर्यंत उपसला. पुढच्या बाटलीतलं पाणी दोन दिवसांनीही नितळ राहिलं. ती बाटली त्या मुलीने रुमालात गुंडाळून घरी नेली. एकूण खर्च झाला तेवीस हजार चारशे. आरओवाल्या सभासदाला पाळकसाहेबांनी नम्रपणे नाही सांगितलं. तो थोडा नाराज आहे.

आता शुक्रवारच्या पत्रातल्या गृहस्थांचा प्रश्न. साहेब, आपली शंका नवी नाही. १९७२ ला एका गावात म्हाताऱ्यांनी सांगितलं होतं की मिशनच्या बोअरचं पाणी प्यालं की माणूस बाटतो. त्यांच्यातले एक आजोबा आठ दिवस तीन मैलांवरच्या आडाचं पाणी प्याले, नवव्या दिवशी आपल्या हंड्यासह रांगेत उभे. त्या गावात कुणी बाटलं नाही. वेगळंच काहीतरी झालं. बोअर कुठे मारायचा यावर आमचे उस्ताद हटून बसले होते की सगळ्यांना येता येईल अशा जागी. पाटलांच्या वाड्यापुढे नाही आणि गावाबाहेरच्या वस्तीतही नाही, दोन्हींच्या मधे, रस्त्याला. पहिले पंधरा दिवस वस्तीतल्या बायांनी बाजूला उभं राहायचं आणि वरच्या आळीतल्या बायांनी त्यांच्या हंड्यात वरून पाणी ओतायचं असं चाललं. मग एका बाईला बाळ कडेवर होतं, तिला ओतायचा कंटाळा आला, ती म्हणाली, घे तूच हापस. चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळ उचलली १९२७ साली. आमच्या त्या गावात ते पाणी पोचायला पंचेचाळीस वर्षं लागली, आणि पोचलं तेही कंटाळ्यामुळे.

वाडीवर मी तिन्ही शनिवार होतो. कुणी पुस्तक वाटलं नाही, पत्रक वाटलं नाही. एका मुलाला हापशावर पांढरा क्रूस रंगवायचा होता, त्याने रंगही आणला होता. पाळकसाहेबांनीच त्याला थांबवलं आणि मला विचारलं की हापशावर काय लिहिलेलं उपयोगी पडतं. मी म्हटलं, तारीख आणि पाईपची संख्या. आता त्यावर पांढऱ्या रंगात तेवढंच आहे. पुढचा मिस्त्री दुवा देईल. आपणही येऊन बघा. अंबडहून सकाळची एसटी आहे, मात्र परतीची तुम्हाला शोधावी लागेल.

कौतुक करणाऱ्या ताईंनाही एक सांगायचं आहे. अशी मंडळी गावोगाव आली तर सरकारची गरजच उरणार नाही, असं आपण लिहिलं. तसं होत नाही. सरकारच्या जलजीवन मिशन या नळयोजनेचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. वाडीत माणसं दोनशेच्या वर. इंडिया मार्क टू मिनिटाला चाळीस हिसक्यांनी साधारण बारा लिटर देतो. सगळ्यांना ५५ लिटर द्यायचं तर तो रोज सोळा तास हलत ठेवावा लागेल, आणि हलवणाऱ्या बायाच असणार. हापशाने पिण्याचं आणि स्वयंपाकाचं भागतं. बाकीसाठी त्या कोरड्या तोट्यांना पाणी यायलाच हवं, आणि ते काम कुठल्या चर्चचं, मंदिराचं किंवा गणेश मंडळाचं नाही.

मंडळी परत गेली. त्यांच्या मागे काय राहिलं ते आपल्या बातमीत यायला हवं होतं. वाडीतल्या दोघी जणी, एक ती पाना हिसकावून घेणारी सून आणि दुसरी बचत गटाची अध्यक्ष, यांना मी साखळी बदलणं, ग्रीस लावणं आणि वरचं डोकं खोलणं शिकवलं आहे. पाईप उपसायचे झाले तर गल्ली जमा करायला त्या समर्थ आहेत. बचत गटाच्या कपाटात पत्र्याचा डबा आहे. त्यात वॉशरचे दोन संच, एक साखळी, दोन बेअरिंग, दोन पाने, ग्रीसचा डबा. घरटी दहा रुपये महिना ठरला आहे. पहिल्या महिन्यात बेचाळीसपैकी एकतीस घरांनी दिले. बाकीच्या अकरांत एक घर सरपंचांच्या भावाचं आहे.

आणि दांडा? तो जुना दांडा गावातच सापडला. एका गोठ्यात म्हशीच्या दावणीला आडवा ठोकलेला होता. मालकाने तक्रार न करता काढून दिला, फक्त म्हणाला की तिथे लावायला दुसरं लाकूड आणून द्या. आणून दिलं.

आपल्याला विनंती दोन. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आपला बातमीदार पुन्हा वाडीवर पाठवावा. तेव्हा पातळी सगळ्यात खाली असते, आणि एकशे तीस फूट पुरतात की नाही ते तेव्हाच कळेल. पाणी नसेल तर ते छापा, माझ्या हिशेबाच्या चुकीसह. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली तेव्हा प्रत्येक वर्तमानपत्राचा फोटोग्राफर फलाटावर हजर होता. आमच्या हापशाला मे महिन्यात एक जण पुरे.

दुसरी विनंती वाचकांसाठी. माझ्याकडे पाईप उपसायची पूर्ण सामग्री आहे. क्लॅम्प (नव्या दातांचा), दोन चेन-पाने, उचलायच्या पट्ट्या आणि तो गळ. काही भंगारातून घेतलेली, काही उस्तादांनी दिलेली. कुठल्याही चर्चने, मशिदीने, मठाने किंवा मंडळाने बंद हापसा उघडायचा ठरवला तर ती फुकट घेऊन जावी, आणि मी चालता-फिरता आहे तोवर मलाही घेऊन जावं. परत देताना पाने रॉकेलने पुसून, ग्रीस लावून द्यावेत. मागच्या वेळी ते तसेच चिखलासकट आले होते.

माझं नाव-गाव आपल्याला कळवलं आहे, ते छापू नये. पथकातले जुने सोबती अजून कामावर आहेत आणि त्या वहीचं मी जे लिहिलं आहे ते त्यांना आवडणार नाही. सामग्री हवी असेल त्यांनी अंबडला हार्डवेअरच्या दुकानात विचारावं, सकाळी दहानंतर.

आपला,
एक निवृत्त हापसा मिस्त्री
ता. अंबड, जि. जालना